साडूंचा तक्ता आणि सौदीचे घाट

सौदी अरेबियात राहणाऱ्या मराठी माणसाला गावी गेल्यावर जे प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरं विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असतात. "नुसती वाळूच असेल नाही तिकडे?" असं म्हणून लोक आपल्या उत्तराची वाट न बघता ताटातल्या भाजीकडे वळतात. पूर्वी मी हौसेने फोटो दाखवायचो. अब्हाजवळच्या डोंगरावरचं धुकं, त्यात अर्धी बुडालेली जुनिपरची झाडं, ओला रस्ता. आमच्या आत्याने तो फोटो चष्मा पुसून दोनदा पाहिला आणि निकाल दिला, "हे महाबळेश्वर आहे. वेण्णा तळ्याच्या जरा पुढे." त्यानंतर मी फोटो दाखवणं बंद केलं.

म्हणून साडू आणि मेहुणीबाई भर जुलैत रियाधला आमच्याकडे यायचं ठरल्यावर मी मनाशी म्हटलं, यांना फोटो नको, डोंगरच दाखवू. रियाधहून दक्षिणेला निघायचं, गोठ्यांच्या आणि उंटांच्या मुलुखातून अब्हा गाठायचं, तिथून सरवात पर्वताच्या माथ्यामाथ्याने अल-बाहा, ताइफ, आणि घाट उतरून जेद्दा. आरामात जायचं. वाटेल तिथे थांबायचं.

साडू पुण्याचे. सहकारी बँकेतून निवृत्त झालेत, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. 'आरामात' हा शब्द त्यांनी फोनवर शांतपणे ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तक्ता पाठवला. त्यात 'पहाटे ५.०० प्रस्थान' होतं, '६.१५ गोठे (बाहेरून)' होतं, आणि '११.१० ते ११.२५ उंट' असंही होतं. उंटाला ही वेळ कोणी कळवली, ते तक्त्यात नव्हतं. 'निसर्ग' यासाठी एकूण चाळीस मिनिटं राखून ठेवली होती.

गाडी भाईंची, चालवणारही भाईच. भाई दापोलीकडचे. ऐंशीच्या दशकात जेद्दाला उतरले ते इथलेच झाले. सौदीतल्या कुठल्या पेट्रोल पंपावरची मल्याळी बूफिया, म्हणजे टपरी, चहा चांगला उकळते, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, "अक्षर काय सुंदर आहे!" म्हणाले आणि डॅशबोर्डवरच्या टिश्यूच्या डब्याखाली सरकवला. तक्ता संगणकावर छापलेला होता. साडूंना दाद नेमकी कशाला मिळाली हे कळेना, पण मिळाली म्हणून ते गप्प राहिले.

निघालो आठला. भाईंबरोबर आलेल्या भाभींनी सांदणं आणली होती, आमच्या हिने दशम्या, मेहुणीबाईंनी सांगलीचं भडंग. पाच माणसांच्या पोटाची सोय झाली... नव्हे, सहा, साडू स्वतःला मोजत नव्हते, कारण ते उपाशी राहून वेळ वाचवणार होते. अल-खर्ज यायच्या आत त्यांनी तीन दशम्या संपवल्या.

अल-खर्ज हा सौदीचा दुधाचा प्रांत. अल-मराई ही इथली अवाढव्य कंपनी १९७७ साली सुरू झाली. याच भागातल्या अल-साफीच्या गोठ्याची १९९८ साली जगातला सगळ्यात मोठा म्हणून गिनेस बुकात नोंद झाली. सौदीतल्या मराठी घरांतली कढी यांच्याच लबनवर होते. लबन म्हणजे ताकच, पण फार सभ्य ताक. कढीसाठी ते आदल्या रात्री फ्रीजबाहेर काढून जरा बिघडवावं लागतं. रस्त्यावरून गाई दिसत नाहीत, लांबच लांब शेड दिसतात. बाहेर ४५ अंश, आणि आत काळ्या-पांढऱ्या होल्स्टिन गाई फवाऱ्यांच्या तुषारांखाली, पंख्यांच्या वाऱ्यात रवंथ करत उभ्या. "आणि चारा?" साडूंनी विचारलं. बँकेच्या माणसाला तारणाआधी खर्च दिसतो.

चाऱ्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. वाळवंटाच्या पोटातलं पाणी एकदा उपसलं की परत भरत नाही. म्हणून देशात हिरवा चारा पिकवणं आवरतं घ्यायचं, असं सरकारी धोरण ठरत गेलं. तेव्हा अल-मराईने २०१४ साली थेट अमेरिकेत, ॲरिझोनात, हजारो एकर जमीन घेतली. घोडे, काउबॉय, गुरांची कुरणं असलेला तो सिनेमातला मुलूख. तिथे लसूणघास पिकवायचा, वाळवून गठ्ठे बांधायचे आणि जहाजाने अर्धी पृथ्वी ओलांडून इकडच्या गाईंपुढे टाकायचा. ॲरिझोनाही वाळवंटच. तिथले लोक पाण्यावरून भडकले आणि २०२३ साली तिथल्या गव्हर्नरबाईंनी सरकारी जमिनीवरचे भाडेपट्टे रद्द करायला घेतले. हे ऐकून साडू बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे या गाईचा डबा अमेरिकेतून येतो. आणि मला कोथरूडला घरपोच डबा मिळेना."

त्यापुढचा वादी अद-दवासिरपर्यंतचा रस्ता सरळ आहे. सरळ म्हणजे भाईंनी स्टिअरिंगवर हात ठेवले ते केवळ मोठ्यांचा मान म्हणून. मधूनच हिरव्या शेतांची मोठमोठी वर्तुळं येतात. मधल्या खांबाभोवती पाण्याचा लांब नळ फिरतो आणि तो पोचेल तेवढंच शेत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सौदी अशा वर्तुळांच्या जोरावर जगातल्या मोठ्या गहू निर्यातदारांत जाऊन बसला होता. मग पाण्याचा हिशेब कोणीतरी मांडला आणि २००८ साली गव्हाला हळूहळू निरोप द्यायचं ठरलं. साडूंना हा निर्णय फार आवडला. खातं वेळेवर बंद केल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

११.१० झाले. उंट नव्हता.

११.२५ झाले. साडूंनी उंटाची वेळ संपल्याचं जाहीर केलं. साधारण दोनच्या सुमारास आमच्या शेजारून एक वनेत, म्हणजे पिकअप, सुसाट पुढे गेली. तिच्या मागच्या हौद्यात पाय दुमडून, मान वर करून उंट बसलेला. आम्ही ताशी १२० वर होतो आणि उंट आम्हाला मागे टाकत होता. जाताना त्याने साडूंकडे असं पाहिलं, जसा सोसायटीचा चेअरमन नव्या भाडेकरूकडे पाहतो. खालचा ओठ वाऱ्याने फडफडत होता, पण नजर स्थिर. फोटो काढेपर्यंत तो ठिपका झाला होता.

इथल्या लोकांना उंटाचं वेड किती, ते पुण्यात सांगून खरं वाटणार नाही. रियाधजवळ दरवर्षी किंग अब्दुलअझीझ उंट महोत्सव भरतो आणि त्यात उंटांची सौंदर्यस्पर्धा असते. ओठ लोंबते हवेत, मान लांब, वशिंड जागच्या जागी. बक्षिसं इतकी जबर की २०१८ साली बारा उंट बोटॉक्सची इंजेक्शनं दिल्यामुळे बाद झाले. २०२१ साली तोच आकडा चाळीसच्या वर गेला. त्यानंतर २०२४ हे वर्ष सरकारने 'उंटाचं वर्ष' म्हणून साजरं केलं. साडूंनी फक्त एवढंच विचारलं, "इंजेक्शनचं बिल कोणाच्या नावावर?"

वादी अद-दवासिरच्या पुढे भाईंनी अचानक गाडी डांबरावरून खाली घेतली. लांबवर एक काळा तंबू, पाण्याची टाकी आणि तीस-चाळीस काळेभोर उंट. हे मजाहीम, या भागातल्या लोकांचा अभिमान. राखण करणारा सुदानी होता. उंच, सावकाश आणि अतिशय सभ्य. भाईंनी त्याच्याशी पाच मिनिटं नुसत्या खुशालीच्या गप्पा मारल्या. तू कसा, घरचे कसे, उंट कसे, पाऊस कसा. मग साडूंची ओळख करून दिली: "हे हिंदुस्थानातून खास उंट बघायला आले." सुदान्याने हात छातीवर ठेवला आणि भांडं आणायला गेला.

उंटिणीचं दूध काढणं बसून होत नाही. आधी पिल्लू सोडलं, त्याने पान्हा फुटवला, मग त्याला हलकेच बाजूला सारलं. तो माणूस एका पायावर उभा राहिला, दुसरा पाय मुडपून त्याचा तळवा उभ्या गुडघ्यावर टेकवला आणि त्या मांडीवर स्टीलचं भांडं तोलून धरलं. दोन्ही हातांनी धारा सुरू. चर्र चर्र आवाज, आणि भांड्यात बोटभर पांढरा फेस. उंटीण मान वळवून बघत होती आणि काहीतरी चघळत होती. हे सगळं तो आमच्याशी बोलत बोलत करत होता. आमच्यातल्या कोणालाही एका पायावर मोजाही घालता येत नाही.

भांडं साडूंपुढे आलं. कच्चं दूध पिऊ नका, असं इथलं आरोग्य खातं सांगतं. २०१२ साली जेद्दाला सापडलेल्या मर्सच्या विषाणूचा माग उंटांपर्यंत गेला, तेव्हापासून तर फारच. पण पाहुणचार नाकारणंही कठीण. तेवढ्यात मेहुणीबाई पुढे झाल्या आणि शुद्ध मराठीत सुदान्याला म्हणाल्या, "भाऊ, याचा चहा होईल का?" भाईंनी अरबीत सांगायच्या आत त्याने शेगडी पेटवली. दूध चांगलं खदखदेपर्यंत उकळलं, मूठभर साखर पडली, चहा पडला. चव किंचित खारट, पण दाट. साडूंनी दुसरा कप मागून घेतला. तिथे आम्ही किती वेळ होतो, ते कोणी मोजलं नाही. तक्त्यात 'चहा' हा रकानाच नव्हता.

अब्हा गाठलं तेव्हा रात्र झाली होती. गाडीचं दार उघडलं आणि मेहुणीबाईंनी पहिल्यांदा शालीसाठी बॅग उपसली. अब्हा समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे आपण शिदोरी बांधून, साखळ्या धरून, माथ्यावर देवीला नारळ फोडून जेवढं चढतो, त्याच्या बऱ्याच वर अब्हाची माणसं सकाळी खुबूस, म्हणजे रोटी, आणायला चपलांवर उतरतात. शेजारचा सौदा डोंगर तर तीन हजार मीटरच्या आसपास. साडूंनी हे ऐकून घेतलं, पण मान्य केलं नाही. "उंची असेल," ते म्हणाले, "पण इतिहास?"

दुसऱ्या दिवशी दुपारी सौदावर पाऊस आला. खरा, टपोऱ्या थेंबांचा, मातीला वास आणणारा. या डोंगरांवर उन्हाळ्यातही दुपारच्या सरी पडतात. रियाधची कुटुंबंच्या कुटुंबं मग गाड्यांतून उतरून सतरंज्या पसरतात आणि पावसात बसून कहवा पितात. पाऊस आला की आपण आडोशाला पळतो. पावसाखाली बसायला आलेली एवढी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. साडू गाडीतच बसले. त्यांचं म्हणणं, पाऊस पाहायला पुण्याहून सौदीला येणं हे लेखापरीक्षणात टिकणार नाही.

आणि तिथेच भडंग गेलं. या डोंगरांवर बबून माकडांच्या टोळ्या आहेत. नराच्या खांद्यावर करड्या केसांची आयाळ, चालणं पाटलासारखं म्हणावं तर पाटलाला राग यावा. त्यांना खायला घालायला मनाई आहे, जागोजागी पाट्या आहेत. आम्ही खायला घातलं नाही. त्याने घेतलं. कायद्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. खिडकीतून हात आत आला, पिशवी बाहेर गेली. महाराज दोन कठड्यांपलीकडे दगडावर बसले. रबर बँड दातांनी न तोडता बोटांनी काढला. मग एकेक शेंगदाणा वेचला, तळलेला लसूण वासावरून ओळखून वेगळा केला आणि कुरमुरे वाऱ्यावर सोडून दिले. मेहुणीबाईंना दुःख झालं ते कुरमुऱ्यांचं. "निदान नीट तरी खा की रे," त्या म्हणाल्या.

अब्हाला दोन गोष्टी चुकवू नका. एक अरीका. गव्हाची जाड भाकरी गरम असतानाच हाताने कुस्करायची, वाडग्यात थापायची, मधोमध खड्डा करून त्यात तूप आणि मध ओतायचा, भोवती खजूर लावायचा. समोर ठेवल्यावर भाभी आणि आमची ही एकाच वेळी म्हणाल्या, "मलिदा!" मध इथल्याच डोंगरांतला. दुसरी गोष्ट घाट उतरून जावं लागणारं रिजाल अल्मा. दगडी, कित्येक मजल्यांची घरं आणि खिडक्यांभोवती पांढऱ्या गारगोटीच्या नक्षीच्या ओळी. आत भिंतींवर बायकांनी काढलेली लाल-पिवळी-निळी रेघांची नक्षी. तिला अल-कत्त अल-असिरी म्हणतात आणि २०१७ साली तिला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. चितारणाऱ्या बायका, रंग भरायला जमणाऱ्या शेजारणी. आपल्याकडे लग्नघरी वारल्यांच्या सवाशिणी चौक लिहितात, तसंच काहीसं.

पण मेहुणीबाई थबकल्या त्या बाजारात. या बाजूचे पुरुष डोक्याला ताज्या फुलांचं आणि सुगंधी पाल्याचं कडं घालतात. चांगले कमरेला जंबिया, म्हणजे कट्यार, खोवलेले, दाढीवाले, भारदस्त पुरुष, आणि कपाळावर पिवळी-केशरी फुलं. "बघा!" एवढंच त्या साडूंना म्हणाल्या. त्या एका शब्दात चाळीस वर्षांचा संसार होता. एका म्हाताऱ्याने हसत साडूंच्या डोक्यावर कडं ठेवलं, पैसे घ्यायला नकार दिला. साडूंनी ते रात्रीपर्यंत काढलं नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "त्याला वाईट वाटेल." म्हातारा तीस किलोमीटर मागे राहिला होता.

अब्हाहून ताइफपर्यंतचा रस्ता डोंगराच्या कण्यावरून जातो. अन-नमासला ढग बोनेटवरून गेले आणि भाईंनी हेडलाइट लावून कोकणातली गाणी सुरू केली. डावीकडे तिहामाच्या बाजूला कडा सरळ तुटतो, उजवीकडे पायऱ्यापायऱ्यांची जुनी शेतं. अल-बाहाकडून बोगद्यांमागून बोगदे पार करत खाली उतरलं की जी ऐन नावाचं गाव लागतं. पांढऱ्या संगमरवरी टेकाडावर रचलेली दगडी घरं, आता रिकामी. पायथ्याशी मात्र जिवंत झरा आणि त्या पाण्यावर केळीची बाग. दापोली सोडून इतकी वर्षं झाली तरी भाभी बागेत शिरल्या त्या माहेरच्या अंगणात शिरावं तशा. थोड्या वेळाने आतून त्यांची हाक आली, "अगो, केवडा!" खरंच केवडा होता. इथे त्याला कादी म्हणतात आणि बायका केसांत माळतात. गाडीत तो पान नीट दुमडून डॅशबोर्डवर ठेवला, टिश्यूच्या डब्याशेजारी. डब्याखालचा तक्ता काढून मी केवड्याखाली पाणी गळू नये म्हणून घातला. साडूंनी पाहिलं. काही बोलले नाहीत.

ताइफ गुलाबासाठी प्रसिद्ध. तीस पाकळ्यांचा गुलाब, पहाटे खुडतात, त्याचं अत्तर राजेरजवाड्यांना जातं. पण तो फुलतो मार्च-एप्रिलमध्ये. जुलैत गुलाबाच्या नावाने मिळतात त्या फक्त बाटल्या. साडूंनी विचारलं, "मग जुलैत काय?" जुलैत बर्शूमी. रस्त्याच्या कडेला टपरीवाला, हातात जाड हातमोजे, समोर पाटीभर पिवळी-केशरी फड्या निवडुंगाची बोंडं. दोन टोकं उडवली, मधे एक उभा काप, साल अंगरख्यासारखी उलगडली आणि आतला थंड, बियाळ गर चमच्यावर पुढे केला. लहानपणी सोलापूरकडे असली लाल बोंडं खाऊन जीभ रंगवलेली माणसं गाडीत दोन निघाली. एकेक करत पाटी अर्धी झाली. कुसं मात्र दोन दिवस बोटांत होती.

ताइफच्या अल-हदाला वादी मुहर्रम हा मीकात आहे, म्हणजे उमरा करणाऱ्यांनी इहराम बांधायची जागा. भाई आणि भाभी इथून मक्केला जाणार, हे निघतानाच ठरलं होतं. त्यांचा भाचा जेद्दाहून गाडी घेऊन वर आला. भाई दोन पांढऱ्या वस्त्रांत बाहेर आले तेव्हा क्षणभर आम्ही त्यांना ओळखलंच नाही. "तुमच्यासाठी काय मागू?" त्यांनी विचारलं. मेहुणीबाईंनी नातवाची परीक्षा सांगितली, हिने माझं कोलेस्टेरॉल. साडू म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते." माझ्या माहितीत त्यांनी पहिल्यांदाच एखादी गोष्ट दुसऱ्यावर सोपवली.

मग भाईंनी गाडीची किल्ली काढली. मी हात पुढे केला. किल्ली माझ्या हातावरून पुढे जाऊन हिच्या हातात पडली. "ताई, हा घाट तुम्ही उतरवा," भाई म्हणाले, "साहेब बोलताना रस्ता विसरतात." सौदीत बायकांना गाडी चालवायची परवानगी २०१८च्या जूनमध्ये मिळाली आणि आमच्या हिने परवाना काढायला फारसा उशीर केला नाही. अल-हदाचा घाट १९६५ साली खुला झाला. कड्याला चिकटून वळणामागून वळण घेत तो दोन हजार मीटरवरून खाली झोकून देतो. ही शांतपणे दुसऱ्या गिअरवर उतरत होती. साडूंनी पुढच्या सीटचं हँडल दोन्ही हातांनी धरलेलं. शेवटचं वळण संपेपर्यंत त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. पाहायला हात मोकळा नव्हता.

खाली आलो. मक्केच्या हद्दीच्या अलीकडे बिगर-मुस्लिमांसाठी वेगळ्या रस्त्याची पाटी लागते. तिथून आम्ही बाह्यवळणाने जेद्दाकडे वळलो.

तुमच्या मनात असेल तर हीच वाट धरा, जुलै-ऑगस्टमध्येच. स्वेटर आणि शाल न्या, रियाधमध्ये लोक हसतील, हसू द्या. इकामा (राहण्याचा परवाना), इस्तिमारा (गाडीची नोंदणी) आणि गाडी चालवायचा परवाना हाताशी ठेवा. रात्री गाडी हाकू नका, उंटाचे डोळे दिव्यांत चमकत नाहीत असं गृहीत धरूनच चाला. बबूनसमोर काच वर ठेवा. आणि बरोबर साडू असतील तर पहिल्या पेट्रोल पंपावरच त्यांचा तक्ता टिश्यूच्या डब्याखाली जाईल, एवढी व्यवस्था करा.